पाण्यात उभा राहणारा गुलाब

वर्गात फळ्यावर गुलाबाचे फूल काढायला सांगितले, तर बहुतेक विद्यार्थी एकात एक गुंतलेल्या पाकळ्यांचा भरगच्च गोंडा काढतील. पाच सुट्या पाकळ्यांचे सपाट फूल काढणारा एखादाच निघेल, आणि बाकीची मुले त्याला हसून म्हणतील, "हा कसला गुलाब? ही तर सदाफुली!" पण वनस्पतिशास्त्राला विचारले, तर निकाल त्या एकट्या मुलाच्या बाजूने लागेल. माणसाने हात लावण्यापूर्वीचा गुलाब हा बहुतेक सर्वत्र पाच पाकळ्यांचाच होता, आणि रानात तो आजही तसाच आहे.

गुलाबाविषयी आणखी एक समज रूढ आहे. 'गुलाब' हा शब्द फारसी आहे. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. मुळात हा शब्द गुलाबपाण्यासाठी होता, पुढे तो फुलालाच चिकटला. शब्द बाहेरून आला, तेव्हा झाडही बाहेरूनच आले असणार असे आपण धरून चालतो. बागेतल्या गुलाबाच्या बाबतीत त्यात पुष्कळ तथ्यही आहे. परंतु भारताच्या स्वतःच्या मातीत उगवलेले रानगुलाबही आहेत. त्यांपैकी एक तर असा विलक्षण आहे, की नदीच्या पुरात आणि दलदलीत उभा राहून तो तग धरतो. या लेखात आपण त्याची ओळख करून घेणार आहोत. त्या निमित्ताने कोणताही रानगुलाब कसा ओळखावा आणि कसा वाढवावा, हेही पाहू.

बागेतला गुलाब आणि रानातला गुलाब

बागेतले एखादे शिळे झालेले गुलाबाचे फूल घ्या आणि त्याच्या पाकळ्या बाहेरून आत अशा क्रमाने एकेक काढत जा. बाहेरच्या पाकळ्या रुंद असतात. आत जावे तसतशा त्या अरुंद आणि वेड्यावाकड्या होत जातात. अगदी मध्याजवळ तुम्हांला एखादी अशी पाकळी सापडेल, की तिच्या कडेला पिवळा परागकोश चिकटलेला आहे. ही अर्धवट पाकळी एक मोठे गुपित सांगते. बागेतल्या गुलाबाच्या जादा पाकळ्या बहुतांशी पुंकेसरांचे रूपांतर होऊन बनल्या आहेत. असा बदल झालेली झाडे माणसाने शेकडो वर्षे निवडून निवडून वाढवली, आणि पाच पाकळ्यांच्या फुलाचा गोंडा झाला.

या बदलात माणसाच्या डोळ्यांना सुख मिळाले, पण मधमाशीची पंचाईत झाली. रानगुलाबाचे फूल म्हणजे जणू उघडे ताट. मध्यभागी पिवळ्याधमक पुंकेसरांचे वर्तुळ असते आणि मधमाशी थेट परागांवर उतरते. गोंडेदार फुलात पराग कमी, आणि तेही पाकळ्यांच्या आड दडलेले.

दुसरा फरक फुलण्याच्या काळाचा. रानगुलाब बहुधा वर्षातून एकदाच, ठरावीक ऋतूत बहरतो. वर्षभर पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण बागेतल्या गुलाबांत चीनमधील गुलाबांकडून आला. युरोपातले आणि चीनमधले असे दोन्हींकडचे रक्त एकत्र येऊन आजचे लांब दांड्याचे, टोकदार कळीचे गुलाब तयार झाले. 'ला फ्रान्स' हा १८६७ साली फ्रान्समध्ये जाहीर झालेला गुलाब या गटातील पहिला मानतात. थंड हवेच्या देशांत हे संकर झाले, त्यामुळे या गुलाबांना थंड हवा मानवते. आपल्याकडे हिवाळ्यात ते जोमाने फुलतात आणि वैशाखात मलूल होतात, याचे एक कारण त्यांच्या या घराण्यात आहे.

उष्ण सखल प्रदेशातला अपवाद

गुलाबाच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव रोझा. हिच्या सुमारे दीडशे जाती निसर्गात आढळतात, आणि त्या सर्व उत्तर गोलार्धातल्या आहेत. विषुववृत्ताच्या दक्षिणेला एकही गुलाब मूळचा नाही. त्यातही बहुतेक जाती समशीतोष्ण पट्ट्यातल्या किंवा उंच डोंगरांवरच्या. भारतातले बहुसंख्य रानगुलाबही हिमालयातच आहेत.

या नियमाला अपवाद म्हणजे रोझा क्लिनोफिला. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील सखल, दमट भागात, नदीकाठी व पाणथळ जागी हे झुडूप आढळते. बिहार, बंगाल, नेपाळचा तराई भाग, बांगलादेश आणि म्यानमार हा त्याचा मुख्य प्रदेश. राजस्थानात अबूच्या पहाडावरही त्याची नोंद आहे. बांगलादेशात त्याला बनगोलाप, म्हणजे रानगुलाब, म्हणतात.

फ्रेंच अभ्यासक तोरी यांनी १८१७ साली या झुडपाला हे नाव दिले. तोरी हे प्रसिद्ध पुष्पचित्रकार रेदूते यांच्या गुलाबांवरील चित्रग्रंथाचा मजकूर लिहीत असत, आणि त्याच ग्रंथात ही जात प्रथम वर्णिली गेली. ग्रीक भाषेत 'क्लिनो' म्हणजे वाकणे आणि 'फिलॉन' म्हणजे पान, म्हणून क्लिनोफिला म्हणजे कललेल्या पानांचा. बंगालच्या वनस्पतींचा कसून अभ्यास करणारे विल्यम रॉक्सबर्ग यांनी याच झुडपाला 'रोझा इन्व्हॉल्यूक्रेटा' असे नाव दिले होते. फुलाखाली पानासारख्या छदांचे वेष्टन असते, त्यावरून हे नाव पडले. जुन्या पुस्तकांत ते अजून दिसते. एकाच झाडाला दोन नावे असली, तर नियमानुसार प्रथम प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरतात, म्हणून आज क्लिनोफिला हे नाव रूढ आहे.

आता या झुडपाचा खरा पराक्रम पाहू. बांगलादेशाच्या ईशान्य भागात, सिल्हेट आणि सुनामगंजच्या परिसरात बशीच्या आकाराचे विस्तीर्ण खोलगट प्रदेश आहेत. त्यांना 'हाओर' म्हणतात. पावसाळ्यात मेघालयाच्या डोंगरांवरून वाहून आलेले पाणी तेथे साचते आणि काही महिने सगळा मुलूख समुद्रासारखा दिसतो. हिवाळ्यात पाणी ओसरले, की जमीन पुन्हा उघडी पडते. अशा जागी हिज्जल आणि करंज या पाणी सोसणाऱ्या झाडांच्या सोबतीने आपला रानगुलाब वाढतो. तेथील टांगुआर हाओर ही पाणथळ जागा २००० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळांच्या यादीत समाविष्ट झाली.

यात नवल ते काय, असे तुम्ही विचाराल. कुंडीतल्या गुलाबाला आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवण्याची कल्पना करा, म्हणजे नवल कळेल. मुळेही श्वास घेतात. एरवी मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. पाणी तुंबले, की ती हवा बाहेर पडते. ऑक्सिजन पाण्यातून पसरायचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारपटींनी कमी असतो. मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, ती कुजतात आणि पाण्यात उभे असूनही झाड सुकते. म्हणूनच माळी सांगतो, "गुलाबाला पाणी द्या, पण पाणी तुंबू देऊ नका." बागेतल्या गुलाबाला लागू असलेला हा नियम क्लिनोफिलाने मोडला आहे. गुलाब या शब्दात 'आब' आहे तो अगदी वेगळ्या कारणाने. पण हा गुलाब मात्र ते नाव शब्दशः खरे करून दाखवतो.

ओळख कशी पटवावी?

रानगुलाब ओळखताना रंगावर आणि वासावर फार विसंबू नये. पांढरी, पाच पाकळ्यांची, सुवासिक फुले अनेक जातींना येतात. शिवाय बहर महिना-दीड महिन्याचा. उरलेल्या दहा-अकरा महिन्यांत तुम्ही काय पाहणार? यासाठी पुढील क्रमाने निरीक्षण करावे.

पहिला काटा. गुलाबाच्या काट्याला अंगठ्याने बाजूने दाबा. तो टक्कन निघून येतो आणि मागे एक स्वच्छ वण राहतो. याचे कारण, तो खोडाच्या सालीवर आलेला उंचवटा आहे, आतल्या लाकडाशी त्याचा संबंध नाही. लिंबाचा किंवा बोगनवेलीचा काटा असा निघत नाही, कारण ते फांदीचे रूपांतर आहे. बाभळीचा काटा म्हणजे पानाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णांचे रूपांतर. क्लिनोफिलाचे काटे सरळ किंवा किंचित वाकडे असतात, आणि बहुधा पानाच्या बुडाखाली जोडीने येतात.

दुसरे पान. गुलाबाचे पान संयुक्त असते. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पर्णिका आणि टोकाला एक, त्यामुळे त्यांची संख्या नेहमी विषम भरते. बागेतल्या गुलाबाला बहुधा पाच पर्णिका असतात. क्लिनोफिलाला बहुधा सात किंवा नऊ, टोकदार, वरून चकचकीत आणि खालून बारीक लव असलेल्या.

तिसरे उपपर्ण. ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित खूण. पानाचा देठ जेथे फांदीला मिळतो, तेथे दोन्ही बाजूंना हिरवी पट्टी असते. ती उपपर्णे. बागेतल्या बहुतेक गुलाबांत ही पट्टी देठाला चिकटलेली व साध्या कडेची असते. क्लिनोफिलात तिला झालर असते, म्हणजे तिची कड कंगव्याच्या दातांसारखी बारीक चिरलेली असते. ही खूण बारा महिने पाहता येते. खिशात एखादे साधे भिंग असले, की पुरे.

चौथे छद आणि पेला. फुले एकेकटी किंवा थोडी मिळून येतात, पांढरी आणि सुमारे ५ सेंटिमीटर रुंद. फुलाच्या लगेच खाली लवदार छद असतात. पाकळ्यांखालचा पेला आणि निदले यांवरही मखमलीसारखी लव असते. फुले हिवाळ्याच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस पाहावीत.

पाचवे कुक्षीवृंत. फुलाच्या मध्यात पाहा. काही गुलाबांत सगळे कुक्षीवृंत एकमेकांना चिकटून त्यांची एक बारीक दांडी बनते आणि ती पुंकेसरांतून वर डोकावते. क्लिनोफिलात ते सुटे असतात.

सहावे फळ. गुलाबाचे 'फळ' हे खरे फळ नव्हे. तो पेल्यासारखा खोलगट पुष्पासनाचा भाग, जो पुढे गरदार होतो. हा पेला आडवा कापला, की आत केसांत गुंडाळलेले कठीण दाणे दिसतात. प्रत्येक दाणा हे एकेक स्वतंत्र, एकबीजी फळ. क्लिनोफिलाचे फळ गोल व लवदार असते.

दिसायला सारखे, पण वेगळे

एका खुणेवर भरवसा ठेवला, तर कसे फसायला होते ते पाहा. झालरदार उपपर्णे आणखी एका गुलाबाला असतात. त्याचे नाव रोझा मल्टिफ्लोरा. हा पूर्व आशियातला, मुख्यतः चीन, कोरिया आणि जपानमधला. रोपवाटिकांत खुंट म्हणून त्याचा वापर होतो. पण त्याची फुले लहान असून मोठ्या झुबक्यांनी येतात, आणि त्याचे कुक्षीवृंत चिकटून दांडी बनलेली असते. म्हणजे तिसरी खूण दोघांत सारखी, तर चौथी आणि पाचवी वेगळी.

क्लिनोफिलाचा अगदी सख्खा भाऊ म्हणजे चीनमधला रोझा ब्रॅक्टिएटा. चीनच्या दरबारी गेलेले ब्रिटिश वकील लॉर्ड मॅकार्टनी यांच्या शिष्टमंडळाने १७९३ च्या सुमारास तो इंग्लंडात नेला, म्हणून त्याला मॅकार्टनीचा गुलाब म्हणतात. त्यालाही छद आणि मखमली पेला असतो, परंतु त्याच्या पर्णिकांची टोके बोथट, गोलसर असतात.

भारतातल्या इतर काही रानगुलाबांसाठी ही छोटीशी किल्ली वापरून पाहा.

१. पाकळ्या बहुधा चारच: रोझा सेरिसिया, हिमालय. गुलाबाच्या घराण्यात चार पाकळ्यांची ही एक गंमतच आहे.

२. पाकळ्या पाच, फूल गुलाबी: लडाख, लाहोल-स्पितीसारख्या कोरड्या भागात असेल तर रोझा वेबियाना. हिमालयाच्या ओलसर उतारांवर, सुरईच्या आकाराची फळे धरणारा असेल तर रोझा मॅक्रोफिला.

३. पाकळ्या पाच, पांढऱ्या, फुले झुबक्यात, कुक्षीवृंतांची दांडी: हिमालयात असेल तर रोझा ब्रुनोनी, म्हणजे झाडांवर चढणारा कूजा. निलगिरी किंवा पळणीच्या डोंगरांत असेल तर रोझा लेशेनॉल्टियाना. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातला हा आपला गुलाब.

४. पाकळ्या पाच, फूल तळहाताएवढे मोठे, पिवळट पांढरे, फुलाखाली छद नाहीत: रोझा जायजँटिया, मणिपूर व त्यालगतचे डोंगर.

५. पाकळ्या पाच, पांढऱ्या, फुलाखाली लवदार छद, उपपर्णांना झालर, कुक्षीवृंत सुटे: रोझा क्लिनोफिला.

यांतील ब्रुनोनी हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. भौतिकशास्त्रात ज्यांच्या नावाची 'ब्राउनीय गती' तुम्ही शिकता, तेच हे ब्राउन. पाण्यात तरंगणाऱ्या परागांतील सूक्ष्म कणांचे अखंड थरथरणे त्यांनी १८२७ साली पाहिले. जायजँटियाची कथाही मोठी आहे. जॉर्ज वॉट यांना तो १८८२ साली मणिपुरात आढळला. या गुलाबाचे रक्त चीनमधल्या चहा-गुलाबांमार्फत आजच्या बागेतल्या गुलाबांत उतरले आहे.

कुंडीतला गुलाब 'रानटी' का होतो?

तुमच्या घरी किंवा शेजारी असा अनुभव आला असेल. रोपवाटिकेतून लाल गुलाबाचे रोप आणले, वर्ष-दोन वर्षे छान फुले आली, आणि मग एका पावसाळ्यात झाड एकदम उंच, लवचीक फांद्यांचे झाले. लाल फुले बंद पडली. कधी लहान लहान फुलांचे झुबके आले, कधी काहीच आले नाही. घरची माणसे म्हणतात, "गुलाब बिघडला, रानटी झाला."

खरे कारण असे. विकत मिळणारी बहुतेक गुलाबाची रोपे डोळा भरून केलेली असतात. मुळे आणि खालचे खोड एका काटक गुलाबाचे, त्याला खुंट म्हणतात. त्यावर हव्या त्या जातीचा डोळा बसवतात. खुंटावरून, म्हणजे डोळा भरलेल्या गाठीच्या खालून, फूट आली आणि ती काढली नाही, तर ती वरच्या कलमाचे अन्नपाणी पळवते. कलम मरते आणि खुंट राहतो. एका गुलाबाचा दुसरा झाला नाही. दोन गुलाब एका घरात राहत होते, त्यांतला एक गेला, इतकेच.

आता आपण शिकलेल्या खुणा येथे उपयोगी पडतील. गाठीखालच्या फुटीची पर्णिकांची संख्या आणि उपपर्णे पाहा, आणि वरच्या फांदीशी ताडून पाहा. उपपर्णाला झालर आणि पर्णिका सात असतील, तर खुंट बहुधा मल्टिफ्लोराचा. अशी फूट वरून छाटू नये. माती उकरून ती जेथून फुटली तेथून ओढून काढावी, नाहीतर ती दुप्पट जोमाने येते.

मल्टिफ्लोराची आणखी एक हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेत तो १८६६ साली खुंटासाठी नेला गेला. पुढे १९३० नंतरच्या दशकात जमिनीची धूप थांबवावी आणि शेताला सजीव कुंपण व्हावे, म्हणून सरकारी खात्यानेच त्याची लागवड करण्यास प्रोत्साहन दिले. पक्ष्यांनी फळे खाल्ली, बिया सर्वत्र पसरवल्या, आणि बघता बघता कुरणांत काटेरी जाळ्या माजल्या. आज तेथील अनेक राज्यांत त्याची गणना उपद्रवी तणांत होते. गुलाब चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. तो कोणत्या भूमीचा आहे, आणि तेथे त्याला आवर घालणारे कीटक, रोग व शेजारी आहेत की नाहीत, हे विचारायला हवे.

वाळवंट आणि दलदल यांचा मेळ

क्लिनोफिलाकडे गुलाबतज्ज्ञांचे लक्ष फार पूर्वी गेले होते. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानात हार्डी यांनी १८३६ च्या सुमारास एक अजब संकर मिळवला. त्याचे एक पालक इराण व मध्य आशियाच्या कोरड्या प्रदेशातला रोझा पर्सिका. हा साऱ्या गुलाबांत वेगळा, कारण त्याचे पान साधे असते आणि त्याला उपपर्णे नसतात. दुसरे पालक आपला दलदलीतला क्लिनोफिला मानतात. या संकराच्या पिवळ्या पाकळ्यांच्या बुडाशी लाल ठिपका असतो. रोझा हार्डीआय या नावाने तो ओळखला जातो.

उष्ण हवेत फुलणारे गुलाब हवे असतील, तर मूळचाच उष्ण हवेतला गुलाब घराण्यात आणावा, हा विचार सरळ आहे. कोडाईकॅनॉल येथील गुलाब-संकरक एम. एस. वीरराघवन यांनी क्लिनोफिला आणि जायजँटिया या दोन भारतीय रानगुलाबांपासून संकर करण्याचे काम अनेक वर्षे केले.

हे काम सोपे नाही, आणि त्याचे कारण तुमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे. गुलाबांत गुणसूत्रांचा मूळ संच सातचा. क्लिनोफिलाच्या पेशीत असे दोन संच, म्हणजे १४ गुणसूत्रे असतात. बागेतल्या लांब दांड्याच्या बहुतेक गुलाबांत चार संच, म्हणजे २८. संकर होताना एकाकडून ७ आणि दुसऱ्याकडून १४ येतात, संततीत २१ होतात. आता या संततीला युग्मके बनवायची आहेत. त्या वेळी गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, आणि तीन संचांत तिसऱ्याला जोडीदार नसतो. त्यामुळे असे झाड फुलते, पण त्याला सहसा बी धरत नाही आणि घराणे तेथेच थांबते. हा अडथळा ओलांडायला योग्य जोडीदारांची निवड, शेकडो फुलांवर हाताने केलेले परागण आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते.

लावावा कसा?

रानगुलाब वाढवायचा असेल, तर पहिला नियम हा, की रानातले झाड मुळासकट उपटून आणू नये. एखाद्या वनस्पतिउद्यानात किंवा गुलाबप्रेमी मंडळींकडे झाड असेल, तर परवानगी घेऊन फांदी मागावी.

छाट कलम ही सोपी रीत. शिसपेन्सिलीएवढी जाड, फुलून गेलेली फांदी निवडावी. तिचे १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ द्यावा, वरचा तिरपा. म्हणजे पाणीही वर साचत नाही आणि उलटसुलट होण्याची भीतीही राहत नाही. खालची पाने काढून निम्मा तुकडा वाळू व चाळलेली माती यांच्या मिश्रणात खोचावा. कुंडी सावलीत ठेवावी आणि माती ओलसर राखावी. साधारण महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. नवे धुमारे दिसले म्हणून उपटून पाहण्याचा मोह टाळावा, कारण खोडातल्या साठ्यावरही धुमारे फुटतात. मुळे दुखावली तर सारे मुसळ केरात.

बियांपासून रोप करायचे, तर पिकलेल्या फळांतून दाणे काढून स्वच्छ धुवावेत. थंड प्रदेशातल्या गुलाबांचे बी हिवाळा अनुभवल्याशिवाय रुजत नाही. ओल्या वाळूत मिसळून ते दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवले, तर त्याला हिवाळा गेल्यासारखे वाटते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. बियांपासून झालेले प्रत्येक रोप थोडे निराळे असते, छाट कलमाचे रोप मात्र मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते.

क्लिनोफिलाला जागा द्यायची, तर भरपूर ऊन आणि ओलावा असलेली द्यावी. शाळेच्या नळाचे सांडपाणी जाते तो कोपरा, तळ्याचा किंवा ओढ्याचा काठ त्याला चालेल. पसरायला दोनेक मीटर मोकळी जागा हवी, आणि वाटेपासून दूर, कारण काटे कपडे सोडत नाहीत. रोपाशेजारी एक वही ठेवा. पहिली कळी कधी आली, बहर किती दिवस टिकला, कोणते कीटक आले, फळ कधी पिकले, हे तारखेसह टिपा. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी साठल्या, की पुढच्या वर्गांना एक खरे संशोधनसाहित्य मिळेल.

ओळखीचे महत्त्व

नदीकाठची, दलदलीतली जमीन आपल्याकडे 'पडीक' समजली जाते. ती भरून काढतात, नांगरतात, काठावरची काटेरी झुडपे तोडून चुलीत घालतात. त्या झुडपांत एखादा रानगुलाब असला, तरी फुले नसताना तो कोणाच्या लक्षात येत नाही. गुलाब म्हणजे गोंडेदार लाल फूल, एवढेच चित्र डोळ्यांपुढे असेल, तर समोरचा गुलाब दिसणार कसा? आणि ज्याची ओळखच नाही, तो गेला तरी त्याची उणीव कोणाला भासणार?

उष्ण होत चाललेल्या हवेत, पूर आणि अवर्षण यांच्या ओढाताणीत, उद्याच्या बागांना काटक गुलाब लागतील. पाण्यात मुळे न कुजण्याचा गुण प्रयोगशाळेत नव्याने घडवता येत नाही. तो निसर्गाने हजारो पावसाळ्यांत घडवलेला आहे, आणि त्या नदीकाठच्या झुडपातच साठवलेला आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, सुरुवात आजच करा. शाळेच्या किंवा घराच्या आवारातल्या गुलाबाचे एक पान घ्या आणि पर्णिका मोजा. देठाच्या बुडाशी असलेली ती हिरवी पट्टी भिंगातून पाहा. तिची कड साधी आहे की झालरदार? डोळा भरल्याची गाठ सापडते का? तिच्या वरची आणि खालची पाने सारखी आहेत का? या चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा, उपपर्णाची आकृती काढा आणि आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. पुढे कधी बंगालच्या नदीकाठी, हिमालयाच्या वाटेवर किंवा निलगिरीच्या जंगलात जाण्याचा योग आला, तर एखाद्या फूल नसलेल्या काटेरी झुडपापाशी थांबून "हा तर गुलाब!" असे तुम्ही खात्रीने सांगू शकाल.